पाचशे चौरस मीटरांखाली

मंगळवारी संध्याकाळी सात वाजून गेल्यावर पुष्पलता धकातेने आपल्या घराच्या चौकटीवर ‘बंद’ असं लिहिलेलं वाचलं, आणि पहिल्यांदा तिला वाटलं की आपण दुसऱ्याच कुणाच्या दारासमोर गाडी लावली. तसं होऊ शकतं. मे महिन्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळून, त्यावर काळा चष्मा चढवून अर्धं नागपूर ओलांडून आलेल्या माणसाला स्वतःचं घरही धड ओळखू येत नाही. पण कुलूप तिचंच होतं, टवका उडालेला उंबरा तिचाच होता. चौकटीच्या डाव्या अंगाला निळ्या मार्करने घराचा नंबर, त्याखाली तारीख, आणि तारखेखाली तो शब्द. अक्षर वळणदार होतं. जनगणनेसाठी घरं मोजायला शाळेतले मास्तर फिरताहेत हे तिने पेपरात वाचलं होतं; मास्तरांनी वही तपासावी तसं घर तपासलं होतं आणि शेरा मारून पुढे गेले होते. समोरच्या ओट्यावर वच्छलाबाई लोणच्याच्या कैऱ्या फडक्याने पुसत बसली होती. वीस वर्षांपासूनची शेजारीण. पुष्पलताने दुपट्टा सोडला आणि तिला विचारलं, कधी आले होते म्हणून.

“अवं, तीन डाव आले ते,” वच्छलाबाई म्हणाली. “मले पुसलं, इथं कोण रायते? मी म्हटलं, कोणी नाही रायत. एक म्हातारी होती, ते मेली मागच्या साली.”

“मी रायते ना वं इथं.”

वच्छलाबाईचा कैरी धरलेला हात तसाच राहिला. मग तिने तोच हात तोंडावर नेला आणि खळखळून हसली. “अगं माय! हाव ना! माह्या ध्यानातच नाही आलं पाय. तू सकाळीच निंगून जाते, अन् आल्यावर समोरचा लाइट काही लागत नाही. काहून नाही लावत वं लाइट?” पुष्पलताही हसली. हसण्यासारखंच होतं. उद्या ऑफिसात सांगितलं तर रोशनी टेबलावर डोकं ठेवून हसेल, असंही तिच्या मनात आलं. आणि कुलूप काढताना लक्षात आलं की हे आपण ऑफिसात सांगणार नाही. कुणालाच सांगणार नाही.

समोरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला अकरा पावलं लागतात आणि ती पावलं ती अंधारात टाकते, हे खरं होतं. मागे स्वयंपाकघर, तिथेच तिची गादी, मागच्याच अंगणात कपड्यांची दोरी. समोरची खोली मायची होती. माय म्हणजे कौशल्याबाई. शेवटची सहा वर्षं त्या खोलीतल्या खाटेवर पडून होती आणि तिथून तिला फक्त दार दिसायचं. दाराशी गाडी बंद झाली की आतून आवाज यायचा, “पुष्पे, आली का वं?” रोज. पाऊस असो, ऊन असो, ऑफिसात कुणी बोललेलं असो, डोकं दुखत असो, पहिलं तेच, आली का वं. डोळ्यांना दिसतंय, समोर उभी आहे, आणि तरी विचारायचं. पुष्पलताचा कधीकधी भडका उडायचा. “नाही आली. माझं भूत आलं,” ती म्हणायची. मायला त्याचं काही वाटत नसे. तिला उत्तर नकोच असायचं, फक्त विचारायचं असायचं, आणि विचारून झालं की ती भिंतीकडे तोंड करून निवांत व्हायची. आता कुणी विचारत नाही, म्हणून घरात आल्यावर आपण आलो आहोत हे पक्कं व्हायला वेळ लागतो. चहा होईपर्यंत लागतो. कधी भाजी फोडणीला पडेपर्यंत. त्या मंगळवारी ती जेवून, भांडी घासून झोपली, तरी ते पक्कं झालं नाही.

ऑफिस त्रिमूर्तीनगरात, एका कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर. आठ कॉम्प्युटर, दोन कूलर, आणि गल्ल्यावर बसल्यासारखा दाराजवळ बसणारा मालक अभिजीत सर, वयाने तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. इथे जगभरातले नकाशे येतात. कुणाच्या शेताच्या हद्दी, कुणाच्या गटारांच्या लाइनी. आणि गेल्या चौदा महिन्यांपासून एक ज्वालामुखीचं बेट. बेटाचं नाव कुणालाच नीट उच्चारता येत नव्हतं, म्हणून सगळे नुसतं ‘बेट’ म्हणायचे. तिथे एक भूशास्त्रज्ञ बाई आपल्या लोकांना घेऊन तीन वर्षं पायी फिरल्या होत्या. कुठला लाव्हा कुठपर्यंत आला, कशावर आला, किती जुना, हे त्यांनी हातातल्या कागदांवर आणि टॅबवर काढलं होतं. ड्रोनने वरून फोटोही घेतले होते. ते सगळं जुळवून एकेक रेघ कॉम्प्युटरवर ओढायची आणि प्रत्येक तुकड्याला त्याचं वय द्यायचं, हे पुष्पलताचं काम. ताजा लाव्हा लाल, त्याहून जुना नारिंगी, मग तपकिरी, आणि सगळ्यांत जुनी, झाडं उगवलेली जमीन हिरवी. बावीस वर्षांपूर्वी ती शाईच्या पेनाने ट्रेसिंगच्या कागदावर रेघा काढायची, तेव्हापासून तिच्या रेघेला नाव होतं. नव्या मुलांना दाखवायला अभिजीत सर तिचीच फाइल उघडायचे. “पुष्पाताईची लाइन पहा,” म्हणायचे. समुद्र तिने आयुष्यात पाहिलेला नव्हता, पण त्या बेटाचा किनारा तिला डोळे मिटून काढता आला असता.

त्या बाईंनीच एकदा व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं की तुमच्या शहरातही लाव्हा आलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून पसरत पसरत तो इथवर आला आणि तुमच्या शहराच्या मधेच कुठेतरी संपला. पश्चिमेचं नागपूर काळ्या दगडावर आहे, पूर्वेचं त्याहून कितीतरी जुन्या दगडावर. तेव्हापासून रोज सकाळी अजनीच्या बाजूने येताना पुष्पलता मनात म्हणायची, आता आपण जुन्यातून नव्यात चाललो. ती हद्द डोळ्यांना दिसत नाही. वर सिग्नल, रसवंत्या, शिकवण्यांचे बोर्ड. पण ती ऑफिसात पोचायची तेव्हा लाल भागात असायची आणि घरी यायची तेव्हा हिरव्या. हा विचार तिचा एकटीचा होता आणि तो तिला आवडायचा. त्याच बाईंनी दुसरीही एक गोष्ट केली होती. छापील नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे कुणी पाहणी केली आणि कुणी तपासलं ते लिहितात, तिथे रेघा ओढणाऱ्याचंही नाव असावं असा त्यांनी आग्रह धरला होता. अंकीय आरेखन: पुष्पलता शालिकराम धकाते. बावीस वर्षांत शेकडो नकाशे झाले, आणि नाव हे पहिलंच. शालिकराम तिनेच घालायला लावलं होतं. अभिजीत सरांनी तो कोपरा छापून तिच्या टेबलासमोर चिकटवला होता. तिने त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला होता आणि कुणाला पाठवावा हे न सुचून तसाच ठेवला होता.

बुधवारी सकाळी बाईंचा मेल आला. ऑफिसच्या पत्त्यावर होता, पण सुरुवात ‘प्रिय पुष्पलता’ अशी. नकाशा फार सुंदर झाला आहे, बाईंनी लिहिलं होतं. फक्त ईशान्येच्या उतारावरचा एक तुकडा दिसत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने तिथे दोन फाटे केले आणि मधे थोडी जुनी जमीन सोडून तो खाली पुन्हा एक झाला. त्या जमिनीवर एक घर आहे, एक फणसाचं झाड आहे, आणि एक म्हातारे गृहस्थ राहतात. सगळे हलवले गेले तेव्हा ते गेले नाहीत. तुमच्या नकाशाप्रमाणे ते चार मीटर लाव्ह्याखाली आहेत. रस्ता आणि पाण्याची लाइन कुठवर न्यायची हे या नकाशावरून ठरणार आहे, तेव्हा सोमवारच्या आत कृपया पहावं. पुष्पलताने ड्रोनचा फोटो उघडला. ईशान्य उतार. मोठा केला, आणखी मोठा केला. काळ्याशार लाव्ह्याच्या मधे बोटाच्या पेराएवढं हिरवं, त्यात पत्र्याचा चौकोन, आणि पत्र्याच्या मागे एक दोरी. दोरीवर दोन कपडे वाळत होते. हा फोटो चौदा महिने तिच्याच कॉम्प्युटरमध्ये होता.

“एकच हाय ना?” अभिजीत सर मागे येऊन उभे राहिले होते. “टाकून द्या ताई. पाच मिनिटांचं काम.”

रोशनी शेजारच्या टेबलावर बसायची, तपासणी तिच्याकडे. तिने खुर्ची वळवली. “पण ताई, हा गेला कसा? तुमच्या फाइलमधून कधी काही जात नाही.”

कसा गेला हे पुष्पलताला मेल वाचतानाच कळलं होतं. दोन रेघा शेजारून जाताना कुठे ना कुठे एकमेकींना सोडतात आणि मधे बारीक फट राहते. या फटी म्हणजे या धंद्यातली घाण. नकाशा देण्याआधी त्या झाडून काढायच्या असतात. त्यासाठी एक आज्ञा आहे. अमुक चौरस मीटरांखालचे सगळे तुकडे शेजारच्या मोठ्या तुकड्यात मिळवून टाक, म्हणायचं, की मशीन मिळवून टाकतं. पण खरा लहान तुकडा कोणता आणि फट कोणती, हे मशीनला कळत नाही. फट लांब आणि चिंचोळी असते, खरा तुकडा गोल, भरीव. म्हणून आधी डोळ्यांनी पहायचं. हे नव्या मुलांना तीच शिकवायची. ठरलेली मर्यादा दोनशेची होती. तिने पाचशे टाकले होते आणि काहीच पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याची जमीन चारशे ऐंशीची होती.

मार्चचा सतरा तारखेचा दिवस होता तो. मायचं वर्षश्राद्ध. ते उमरेडला भावाकडे झालं. तू नाही आली तरी चालते, उन्हाचं कशाले, असं वहिनी फोनवर म्हणाली होती, आणि पुष्पलताला ते बोलणं सोयीचंच वाटलं होतं. ती रोजच्यासारखी ऑफिसात आली. दिवसभर वाटत राहिलं, कुणीतरी विचारेल. काय विचारेल हे तिलाही सांगता आलं नसतं. कुणाला तारीख माहीत असायचं कारण नव्हतं. सगळे निघून गेले, कूलरचं पाणी संपून नुसता पंखा फिरत राहिला, आणि पडद्यावर बेटभर ते बारीकबारीक तुकडे दिसत होते, चपातीवर पीठ राहावं तसे. दोनशेची मर्यादा टाकून झाली तरी उरले होते. अजून उरले होते. तिला त्यांचा एकदम राग आला. तिने पाचशे टाकले. तीनशे बारा तुकडे मिळवले जातील, चालेल का, असं मशीनने विचारलं आणि ती चालेल म्हणाली. एका क्षणात बेट स्वच्छ झालं. काय बरं वाटलं होतं तेव्हा! मायची खाटही तिने अशीच दिली होती, तेरवी होऊन चार दिवस झाले नाहीत तोच. खाट, औषधांचे डबे, लुगडी, बाबांच्या मागाचे उरलेले धोटे, मायच्या उशाखालची पुरचुंडी. पुरचुंडीत काय होतं ते पाहिलंच नाही. एका दिवसात खोली रिकामी. शेजारपाजारी म्हणाले, पोरीचं काम कसं नीट असते. आणि सहा वर्षं जिचं सगळं केलं ती गेल्यावर पहिलं जे मनात आलं ते, सुटलो. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी नव्हतं हेही खरं, पण असतं तरी सांगितलं नसतं.

बाबा असते तर त्यांना फट आणि तुकडा यांतला फरक समजावून द्यावा लागला नसता. शालिकराम धकाते कोसा म्हणजे टसर रेशीम विणायचे, करवतीकाठाची लुगडी. कोशाचं सूत मुळातच कमीजास्त असतं. मधेच जाड होतं, मधेच गाठीसारखं फुगतं. एकदा इतवारीतल्या दुकानाचा नवा कारकून माल पहायला आला आणि त्याने कापडावरच्या गाठी नखाने उकरून कात्रीने छाटायला सुरुवात केली. कापड साफ दिसावं म्हणून, बिचारा मन लावून छाटत होता. बाबांनी त्याचा हात धरला. आवाज चढवला नाही. “थांब गा. हे गाठ नोहे, हा कोसा हाय. गाठ मी दिली तर ते माही चूक. हे त्याच्या अंगचं हाय.” आणि त्याचं बोट धरून कापडावरून फिरवलं. हे पहा, ही माही गाठ, बोटाले टोचते. हे पहा, हा कोसा, नाही टोचत. मागाच्या खड्ड्याशेजारी बसून तिने ते पाहिलं होतं. नंतर कधीतरी स्वतःचंही बोट फिरवून पाहिलं होतं. ते सगळं आपल्या बोटात आहे, या एका गोष्टीवर तिने बावीस वर्षं मान वर करून काढली होती.

तिने म्हाताऱ्याची जमीन पुन्हा काढली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हिरवा रंग भरला आणि रोशनीला म्हणाली, झालं. रोशनी म्हणाली, “चला, सुटलो.” तो शब्द ऐकून पुष्पलता उठली आणि डबा घेऊन गच्चीच्या जिन्यात जाऊन बसली. राहिले तीनशे अकरा. बहुतेक फटीच असतील. शंभरातल्या नव्वद, पंच्याण्णव. बाकीच्यांत कुणी राहत असेलच असं कुठे आहे? गवत असेल, दगड असतील. बाईंना एकच आठवला, कारण तिथे त्यांनी चहा घेतला असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, तीनशे अकरांचा हिशोब मागायला कोण येतंय? आणि उघडली तर काय होईल, तेही तिला स्वच्छ दिसत होतं. तपासणी लेखी द्यावी लागेल. सोमवारची तारीख जाईल. ज्या फाइलमध्ये एवढी मोठी चूक, तिच्यावर आरेखन करणाऱ्याचं नाव राहणार नाही. नाव गेलं तरी पगार राहील, खुर्ची राहील. पण ‘पुष्पाताईची लाइन पहा’ हे यापुढे कुणी म्हणणार नाही, आणि जगात ती जिथे कुणालातरी दिसत होती अशी ती एवढीच जागा होती. डब्यातली वांग्याची भाजी तिने दोनदा तोंडाशी नेली आणि परत ठेवली. तीन डाव आले ते, वच्छलाबाई म्हणाली होती. तीन वेळा एक माणूस उन्हात दारापर्यंत येऊन उभा राहिला. त्याने हाकही मारली असेल. मग शेजारी विचारलं, शेजारणीने मनापासून जे वाटत होतं ते सांगितलं, आणि त्याने ते छान अक्षरात लिहिलं. यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं. पण पाचशे टाकताना तिला तर विचारलं होतं. चालेल का, असं स्पष्ट विचारलं होतं.

अभिजीत सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी दार लावून घेतलं. “ताई, कशाले हात दाखवून अवलक्षण? त्यांनी मागितला तो दिला ना आपण.”

“बाकीचे पहावे लागतील सर. एकेक. कागदांशी ताडून.”

“तीनशे?”

“तीनशे अकरा.”

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवार पाहिला. माणूस वाईट नव्हता. “मले त्यांना लेखी कळवावं लागेल. आता ही फाइल मी तुमच्या नावावर नाही पाठवू शकत, समजून घ्या. रोशनीचं नाव टाकतो.” पुष्पलता हो म्हणाली. बाहेर येऊन तिने टेबलासमोरचा तो कोपऱ्याचा कागद काढला, चिकटपट्टीचे डाग नखाने खरवडले आणि कागद पर्समध्ये ठेवला. रोशनीने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. दोन्हीचा तिला सारखाच त्रास झाला.

ऑफिसचा लॅपटॉप आणि बाईंच्या लोकांनी काढलेल्या पाहणीच्या कागदांच्या प्रती ती घरी घेऊन गेली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. दिवसा ऑफिसात, संध्याकाळी घरी. फट, फट, फट, फट. लांब, चिंचोळ्या, तिच्याच रेघांनी केलेल्या. बोटाला टोचत होत्या. मग एकशे सत्तेचाळिसावा. गोल. कागदावर कुणीतरी पेन्सिलने बारीक लिहून ठेवलं होतं, जुनी माती, केळी आहेत. तिने तो हिरवा केला. दोनशे तिसावा, विहीर. दोनशे एकतिसावा त्याला लागून, नुसतं गवत. पण गवत तर गवत, लाव्हा तिथून गेला नव्हता एवढं खरं. भरताना तिला म्हाताऱ्याची आठवण यायची. तो एकटा कसा राहत असेल असं नाही, त्याची तिला फार काळजी वाटत नव्हती. आपण नकाशावर नाही हे त्याला ठाऊक होतं का, एवढंच मनात यायचं. ठाऊक नसेलच. तो कपडे धूत असेल, वाळत घालत असेल, फणस उतरवत असेल, आणि आपण आहोत यात त्याला काहीच शंका नसेल. तिला त्याचा हेवा वाटला.

शनिवारी सुट्टी होती. कागद इतके झाले की स्वयंपाकघराच्या फरशीवर मावेनात. गादी गुंडाळली तरी मावेनात. ती ते उचलून समोरच्या खोलीत घेऊन आली आणि जिथे खाट होती त्या जागी तिने ते पसरले. खाटेच्या चार पायांचे चार डाग फरशीवर अजून होते. ते डाग ती वर्षभर अंधारातून ओलांडत आली होती. कागदांना हवा लागू नये म्हणून पंखा बंद ठेवला, घाम मानेवरून उतरत राहिला. चौकटीवरचा शब्द तिने सकाळी ओल्या फडक्याने पुसून पाहिला होता. नंबर थोडा फिका झाला, शब्द होता तसाच राहिला. बाहेर दिवस मावळला तसे कागदावरचे बारीक आकडे दिसेनासे झाले, आणि तिने विचार न करता उठून भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूब दोनदा मिणमिणली, तिसऱ्यांदा लागली. तीनशे नऊ, फट. तीनशे दहा, फट. तीनशे अकरा गोल होता. कागदावर त्याच्यापाशी काहीच लिहिलेलं नव्हतं. ड्रोनच्या फोटोत एक काळपट हिरवा ठिपका, झाड असेल, झुडूप असेल, किंवा नुसती सावली. तिने तो किती तरी वेळ पाहिला. मग हिरवा केला, आणि यादीत त्याच्यापुढे लिहिलं, खात्री नाही, कृपया जाऊन पहावं. म्हाताऱ्याचा धरून एकूण सतरा झाले. तिने बाईंना यादी पाठवली, खाली आपलं नाव लिहिलं, आणि लॅपटॉप मिटला.

बाहेर गल्लीत चपला वाजल्या. दाराच्या फटीतून उजेड ओट्यावर, तिथून रस्त्यावर गेला असणार. वच्छलाबाईचा आवाज आला, मोठा, उत्सुक, पाहुण्यांच्या घरात वाकून पाहताना असतो तसा.

“पुष्पे! कोण आलं वं घरी? लाइट दिसून राहिला!”

पुष्पलता कागदांच्या मधे उभी राहिली. दाराकडे तोंड केलं. खाटेवरून दार जसं दिसायचं तसं ते तिला दिसत होतं.

“कोणी नाही आलं वं,” ती म्हणाली. “मीच हाय.”